दुसऱ्यांची मुले घेऊन औलीला

स्वतःच्या मुलीला घेऊन प्रवासास जाणे आणि तिच्यासोबत तिच्या मित्रमैत्रिणींनाही नेणे या दोन सर्वस्वी निराळ्या गोष्टी आहेत, हे आम्हां उभयतांना २०१९ च्या जानेवारीअखेरीस गढवालातील औली येथे कळले. तोवर आमची समजूत अशी होती की, चार मुले म्हणजे एका मुलाची चौपट. तिकिटे चार, स्वेटर चार, भुकेच्या वेळाही चार. हिशेब इतका सरळ नसतो.

कन्या तेव्हा आठवीत होती. बर्फावरचे स्कीइंग शिकायचे तिने कुठल्याशा चित्रफितीवरून ठरवले होते आणि ‘मैत्रिणी आल्या तरच’ अशी अट घातली होती. दोन मैत्रिणी आणि एक वर्गमित्र अशी तिघांची भर पडली. मैत्रिणींच्या पालकांनी रीतसर चौकशी केली : थंडी किती असते, डॉक्टर जवळ आहे का, शाळेचे किती दिवस बुडतील. मुलाची आई मात्र काही विचारायला आली नाही. शिवणकामावर एकटीने संसार ओढणारी ही बाई निघायच्या आदल्या संध्याकाळी चिवड्याचा डबा घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, “पोरगं तुमच्या ओटीत घातलंय, काकू.”

महाविद्यालयाची सहल काढताना आम्ही संमतिपत्रे भरून घेतो. अपघात झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही, असे त्यात छापलेले असते, आणि पालकांची सही झाली की आपण निश्चिंत होतो. ओटीत घातलेल्या मुलाचे तसे नसते. तिथे कागद नाही, म्हणून सुटकेचे कलमही नाही.

मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीन, तिथून हरिद्वार, आणि पुढे जोशीमठापर्यंत सुमारे पावणेतीनशे किलोमीटरचा घाटरस्ता. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा यांचे पाणी दोन रंगांत वेगळे दिसते, हे मुलांना दाखवत होतो, तेव्हा आपल्या हरिपूरला कृष्णा-वारणा भेटतात तेव्हा रंग का दिसत नाही, असा प्रश्न त्या मुलाने विचारला. उत्तर देण्याआधी आम्ही मुले मोजली. पुढे रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग असे एकेक संगम येत गेले आणि प्रत्येक ठिकाणी, चहाच्या प्रत्येक टपरीवर, आम्ही मुले मोजत राहिलो. एकदा लक्षात आले की, आपण ‘एक, दोन, तीन’ इथेच थांबतो. आमची मुलगी मोजणीत नव्हतीच. ती असणारच, असे आम्ही गृहीत धरले होते.

जोशीमठाहून रोपवेने सुमारे चार किलोमीटरचे अंतर कापून आम्ही वर पोहोचलो. खाली ओक आणि देवदार, वर पांढरा उतार, आणि समोर ७,८१६ मीटर उंचीचे नंदादेवी शिखर. ‘कुमारसंभवा’चा आरंभ हिमालयाच्या वर्णनाने होतो, हे सांगण्यासाठी आमच्यातल्या एकाने घसा साफ केला. मुले तोवर भाड्याने मिळालेल्या अवजड बुटांत पाय कोंबण्यात गुंतली होती. कालिदास घशातच राहिला.

शिकवायला होते ते गृहस्थ रोज सकाळी खालून जोशीमठाहून येत. मुले त्यांना मास्टरजी म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी चालवलेला एकमेव पाठ पडण्याचा होता. “पहले गिरना सीखो,” असे म्हणून ते स्वतः तीनदा पडून दाखवत. पडायचे ते बाजूला, डोंगराच्या अंगाला; पाठीवर नाही, हात मागे टेकवून तर मुळीच नाही. हातातल्या काठ्या सोडून द्यायच्या. मग दोन्ही फळ्या उताराला आडव्या आणून, अंगाखाली घेऊन उठायचे. उताराला सरळ ठेवून उठू पाहणारा उठण्याआधीच निघून जातो. सकाळभर मुले पडत होती आणि उठत होती. कुणी हसत नव्हते, कारण पडणे हाच अभ्यास होता.

मराठीच्या अध्यापकांना अशा वेळी शब्दांचे सुचते. आपल्या भाषेत घसरणे ही बहुतेक नामुष्कीचीच गोष्ट आहे. जीभ घसरते, पाय घसरतो, दर्जा घसरतो, रुपया घसरतो. पडते घ्यावे लागते ते हरल्यावर. उतरती कळा कुणालाच नको असते. आणि इथे आम्ही पदरचे पैसे मोडून, दोन हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास करून, मुलांना नीट घसरता यावे म्हणून आलो होतो. स्कीइंगला मराठीत शब्द नाही यात नवल नाही. ज्या प्रदेशात बर्फ पडत नाही, तिथे तो कशाला घडेल? पण घसरण्याच्या कौशल्याला एखादा गौरवाचा शब्द असता, तर आम्ही तो त्या आठवड्यात पुष्कळ वापरला असता.

दुसरा पाठ याहून मोलाचा. फळ्यांची टोके पुढे जवळ आणि मागे दूर अशी ठेवली, की कडा बर्फात रुततात आणि वेग आवरतो. मात्र त्यासाठी अंगाचा भार पुढे, उताराच्या दिशेने द्यावा लागतो. भ्यालेला माणूस नेमका उलट वागतो. तो मागे रेलतो. मागे रेलले की फळ्यांच्या पुढच्या भागावर भार राहत नाही, वळणे जमत नाही आणि ज्याची धास्ती होती तो वेग हाताबाहेर जातो. भीती सुटण्यासाठी जे करायला लावते, त्यानेच माणूस पडतो. हे आम्ही मुलांना दोनदा समजावून सांगितले. स्वतःला सांगायचे राहिले.

चौथ्या दिवशी मास्टरजींनी चौघांनाही वरच्या उतारावर नेण्याचे ठरवले. आम्ही मुलीला जाऊ दिले. मैत्रिणींच्या घरी फोन झाले, त्या गेल्या. मुलाला मात्र आम्ही थांबवले. त्याला थोडी सर्दी आहे, एक दिवस विश्रांती घेऊ दे, असे कारण दिले. सर्दी चौघांनाही होती. तो काही न बोलता बाकावर बसला, फळ्यांवरचा बर्फ बोटाने काढत राहिला. बऱ्याच वेळाने त्याने खाली पाहतच विचारले, “काकू, मी पडलो तर तुम्हाला आईला सांगावं लागेल, म्हणून ना?”

तेरा वर्षांच्या मुलाने आमचे वाक्य असे व्याकरणासह सोडवले. आम्हाला त्याची काळजी होती, हे खरेच. पण त्या काळजीतला मोठा हिस्सा आमच्या स्वतःच्या अब्रूचा होता.

‘श्यामची आई’ आपण सर्वांनी वाचलेली आणि बहुतेकांनी शिकवलेली आहे. पोहण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई मारून विहिरीकडे पाठवते, तो प्रसंग शिकवताना आम्ही मातृप्रेमातील कठोरतेवर नेहमीच्या चार गोष्टी सांगत आलो. त्या दुपारी प्रथमच मनात आले की, शेजारणीचा मुलगा दोन दिवसांसाठी घरी ठेवलेला असता, तर त्या माऊलीने त्याला विहिरीवर धाडले असते का? बहुधा नसते. त्याला पाटावर बसवून दूधभात दिला असता. स्वतःच्या मुलाला पाण्यात ढकलण्याचे धैर्य मायेतून येते. दुसऱ्याच्या मुलाला काठावर बसवून ठेवणे हा शिष्टाचार आहे. काठावर बसलेल्याला पोहता येत नाही, एवढाच त्यातला दोष.

संध्याकाळी रेंज मिळाल्यावर आम्ही त्याच्या आईला फोन केला आणि सगळे सांगितले. उतार किती, पडण्याची शक्यता किती, दवाखाना किती लांब. पलीकडे शिलाई मशीन चालू होते, ते थांबले. काही वेळ ती बोललीच नाही. मग तिने विचारले, “बाकीची पोरं जात्यात?” आम्ही हो म्हणालो. “मग त्यालाच का म्हणून ठेवलाय? पडंल की. मी काय त्याला तिथं बाकावर बसायला धाडलाय होय?” तिच्या आवाजात थोडा राग होता. मशीन पुन्हा सुरू झाल्यावरच तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो वर गेला आणि पडला. पडताना काठी सोडायची विसरला, त्यामुळे अंगठा पिरगळून सुजला. उरलेले दोन दिवस त्याने पट्टी बांधलेल्या हाताने काढले, आणि शेवटच्या दिवशी वरून खालपर्यंत न पडता आला. त्याच दिवशी आमची मुलगीही आली, पण ते आम्ही पाहिले नाही. आम्ही त्याच्याकडे पाहत होतो. रात्री ती शांतपणे म्हणाली, “तुम्ही माझं बघितलंच नाही.” या गोष्टीची भरपाई अजून झालेली नाही.

वर्गात वीस वर्षे आमच्यासमोर दुसऱ्यांचीच मुले बसलेली आहेत. औलीतली धडधड तिथे कधी जाणवली नाही, असे आम्ही म्हणत असू. आता वाटते, ती तिथेही होतीच. तिला आम्ही अध्यापन हे नाव दिले होते. कविता अवघड आहे, म्हणून आधी तिचा आशय सांगून टाकायचा. स्वतःचे मत मांडताना विद्यार्थी चुकेल, म्हणून समीक्षकांची मते उतरवून द्यायची. परीक्षेपूर्वी संभाव्य प्रश्न, त्यांची मुद्देसूद उत्तरे. निकालाची टक्केवारी सांभाळणारे आम्ही, विद्यार्थ्यांना सांभाळतो असे समजत आलो. त्यांना बाकावर बसवून ठेवण्याला आपल्याकडे बाकच असतात, ही सोयही आहेच. औलीहून परतल्यावर आम्ही प्रथम वर्षाच्या वर्गात एक अपरिचित कविता नुसती वाचून दाखवली आणि गप्प बसलो. विद्यार्थी भराभर चुकले. त्यातल्या दोन चुका आम्हाला सुचल्या नसत्या इतक्या चांगल्या होत्या.

२०२३ च्या जानेवारीत जोशीमठ खचू लागले. शेकडो घरांना तडे गेले, कुटुंबे हलवावी लागली, रोपवे बंद झाला. पुढे गावाचे नावही ज्योतिर्मठ झाले. त्या जानेवारीत एका रात्री त्या मुलाचा फोन आला. तेव्हा तो बारावीत होता. आवाज फुटलेला, पण प्रश्न विचारण्याची रीत तीच. “काकू, मास्टरजींचं घर जोशीमठातच होतं ना? त्यांचा नंबर आहे?”

नंबर नव्हता. पूर्ण नावही आम्ही कधी विचारले नव्हते. सात दिवस आम्ही चार मुले त्या माणसाच्या ओटीत घातली होती.