पानगळ आणि पळस

कास्पार दाविद फ्रीडरिश, जर्मन निसर्गचित्रकार, १७७४ ते १८४०. सातव्या वर्षी आई गेली. तेराव्या वर्षी, १७८७ साली, बर्फ फुटून धाकटा भाऊ डोळ्यांदेखत बुडाला. त्याच्या चित्रांतलं बर्फ बघताना हे विसरता येत नाही.

१८०७ चं त्याचं चित्र: बर्फात महापाषाणयुगीन थडगं, भोवती तीन निष्पर्ण ओक. शेंडे मोडलेले. माणूस एकही नाही.

तसल्या शिळा आपल्याकडेही आहेत. भंडारा जिल्ह्यात तिलोता खैरी, पिंपळगाव. नागपूरजवळ जुनापाणीची शिळावर्तुळं, ज्यांवर ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅकने १८७९ मध्ये लिहिलं. नागपूरजवळच्याच माहुरझरीच्या दफनांत घोडे निघाले, तोंडावर तांब्याचे दागिने चढवलेले. मेलेल्याबरोबर त्याचा घोडाही सजवून पुरणारी माणसं! फ्रीडरिशचं थडगं बाहेरूनच दिसतं. आतल्या मायेचा पत्ता लागत नाही.

ओकची पानं गेली की तिकडे मरण आलं. इथे फाल्गुनात पळसाची पानं गळतात आणि तेव्हाच तो फुलांनी पेटतो. पानगळ म्हणजे शोक, हा हिशोब भंडाऱ्यात बसत नाही. आणि पावसाळ्यात, धानाच्या बांध्या हिरव्या असताना, घरात कुणी गेलं तर? ते हिरवंही शोकाचंच. त्या हिरव्या शोकाची चित्रं मला कुठे भेटलेली नाहीत.

फ्रीडरिशचंच ‘ओकवनातील मठ’, बर्लिन, १८१०. भग्न कमानीकडे शवपेटी नेणारे साधू. प्रशियाच्या राजाने विकत घेतलं.

भग्न भिंतीवर ही सगळी चित्रकला उभी आहे. पवनीजवळ गोसीखुर्दला मात्र भिंतही उरत नाही. १९८८ मध्ये धरणाची पायाभरणी झाली. पुढे वैनगंगेच्या फुगलेल्या पाण्याखाली गावं गेली. घरं, देवळं, मसणवटा. वर नुसतं सपाट, सुंदर पाणी. पर्यटक त्याचे फोटो काढतात. मला ते जिल्ह्यातलं सर्वांत दुःखी निसर्गदृश्य वाटतं, आणि दुःखाची एकही खूण त्यात दिसत नाही.

फ्रीडरिशचं ‘स्मशानाचं प्रवेशद्वार’ अपुरं राहिलं. दाराशी टेकलेले आईबाप, आत मुलाची कबर. त्यांना त्याने आत जाऊ दिलेलं नाही.

विदर्भातल्या कुणी चित्रकाराने तिलोता खैरीच्या शिळा रंगवाव्यात. चैत्राच्या उन्हात, आणि माणसांसकट.