चौघांतला नवखा

घरात कॉलेजला जाणारं कुणी असेल, तर बीजीएमआय म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. सप्टेंबर 2020 मध्ये सरकारनं पबजी मोबाइलवर बंदी घातली आणि जुलै 2021 मध्ये त्याचा हा भारतीय अवतार आला. तो आणणाऱ्या क्राफ्टन या कोरियन कंपनीचं भारतातलं ऑफिसही इथंच, बंगळूरला. शंभर जण विमानातून बेटावर उड्या टाकतात, चौघाचौघांच्या तुकड्या लढतात, आणि शेवटी उरेल ती तुकडी जिंकते.

माझ्या फोनवर हा खेळ नाही. 2020 च्या जुलैमध्ये आम्हा फौजींना 89 ॲप काढून टाकायला सांगितली होती, त्यात पबजीही होता. पण माझा भाचा सांगलीहून नोकरीसाठी इथं आला. रूमवर एक कन्नड, एक तेलुगू, एक मल्याळी. तिघंही मुरलेले खेळाडू, हा नवखा. दर मॅचला पाच मिनिटांत हा आडवा, आणि मग अर्धा तास इतरांचा खेळ बघत बसायचा. चौथा गडी दुसरा बघावा, अशी कुजबुज सुरू झाली होती. परक्या शहरात त्याची ओळख ती या तिघांशीच. म्हणाला, "मामा, तुम्ही तर फौजी. मला का जमत नाही?"

पुढच्या रविवारी चौघांनाही जेवायला बोलावलं आणि खेळताना मागे बसून पाहिलं. भाच्याचा नेम बरा होता. पण तो एकतर कुणाच्या तरी पाठीला चिकटून पळायचा, नाहीतर दोनशे मीटर मागे राहायचा. मग सुरुवात जोड्यांपासून केली. दोन अधिक दोन. जोडीदार दिसला पाहिजे, पण एकाच फैरीत दोघं सापडता कामा नयेत.

दुसरी गोष्ट बोलण्याची. "तिकडे आहे, तिकडे!" या ओरडण्याचा कुणालाच उपयोग नसतो. आमच्याकडे रिक्रूटला पहिल्यापासून शिकवतात: दिशा सांग, अंतर सांग, ठळक खूण सांग. या खेळात पडद्यावर वरच कंपास असतो. "वन फिफ्टी, लाल छप्पर, वरची खिडकी." बस्स. चार मातृभाषांच्या पोरांना एवढं पुरतं. हलसूरु तलावाजवळच्या मद्रास सॅपर्सच्या सेंटरमध्येही दक्षिणेतल्या वेगवेगळ्या भाषांचे जवान एकत्र तयार होतात. कामाचे शब्द थोडे आणि सगळ्यांचे सारखे असले की चालतं.

तिसरी, फायर आणि मूव्ह. एक जोडी पळते तेव्हा दुसरी थांबून गोळीबार करते. चौघं एकदम पळाले की समोरच्याला डोकं वर काढायला मोकळीक मिळते. आणि कुणी पडला तर आधी धूर, मग मदत. पडलेल्याला उठवायला दहा सेकंद लागतात. उघड्यावर दहा सेकंद बसणारा दुसरा बळी असतो.

उरलेलं सांगणं मुरलेल्या तिघांसाठी होतं. नवख्याला शेपटाला ठेवू नका, मधे घ्या. त्याला एकच काम द्या: पाठीमागची दिशा. मॅच संपली की चूक कुणाची हे नंतर, आधी प्रत्येकानं काय पाहिलं ते सांगायचं. खडकवासल्याला क्रॉसकंट्रीत आम्ही मागे पडलेल्या कॅडेटला ओढत आणायचो, कारण धावायचं सगळ्या स्क्वॉड्रननं असायचं. भरवसा तिथे बसतो.

मल्याळी पोरानं विचारलं, "सर, खऱ्या लढाईत असंच असतं?" मी म्हटलं, नाही. तुमचा पडलेला गडी पुढच्या मॅचला परत येतो. क्षणभर कुणी काही बोललं नाही. निवृत्त वाचकांना हे वेगळं सांगायला नको.

गेल्या आठवड्यात शेवटच्या दहांत होते. भाचा उघड्या रानात पडला आणि वर्तुळ आवळत आलं होतं. तिघांना सहज आत जाता आलं असतं. दोघांनी धूर फेकला, तिसरा रांगत त्याच्यापर्यंत आला. उठवलं, पण वर्तुळात पोचेपर्यंत चौघंही गेले. कुणी कुणाला बोललं नाही. कन्नड पोरगा एवढंच म्हणाला, "नेक्स्ट टाइम दोन स्मोक जास्त घेऊ." चौथा गडी शोधायचं आता कुणी काढत नाही.