वर्गणीची तारीख

बँकेचा मेसेज दुपारी आला. उद्या तुमच्या कार्डावरून १,४९९ रुपये कापले जातील, नको असेल तर कळवा. ॲमेझॉन प्राइमच्या वर्गणीचं वर्ष भरत आलं होतं. पैसे आपोआप कापले जाणार असतील तर निदान चोवीस तास आधी खबर द्यायची, हा रिझर्व्ह बँकेचा दंडक ऑक्टोबर २०२१ पासून पक्का अमलात आला, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. खिशातून पैसे जाण्याआधी माणसाला एक दिवस मिळतो. यंदा तो दिवस मी खरोखरच विचारात घालवला.

आडी महिना चालू होता. या महिन्यात तमिळ घरांत लग्नकार्यं होत नाहीत, दुकानं ओस पडतात, म्हणून इथे चेन्नईत रेल्वेच्या पलीकडे टी. नगरात आडीच्या सवलतींचे फलक लागतात आणि रंगनाथन स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा उरत नाही. आम्ही रुळांच्या अलीकडे, पश्चिम मांबलममध्ये राहतो. आमच्याकडे श्रावण लागला होता. देवघरातल्या फुलवाती संपत आल्या होत्या आणि त्या मागवायला म्हणून फोन हातात घेतला, तेव्हाच हा मेसेज दिसला.

हिशेब करायला बसले. प्राइम भारतात आलं ते जुलै २०१६ मध्ये. सुरुवातीची वर्गणी वर्षाला ४९९ रुपये होती आणि मी पहिल्याच महिन्यात ती भरली होती. पुढे ती ९९९ झाली आणि १४ डिसेंबर २०२१ पासून १,४९९. म्हणजे साडेपाच वर्षांत तिप्पट. चित्रपट-मालिका त्यातच होत्या, पण जून २०२५ पासून त्यांच्यामध्ये जाहिराती आल्या आणि त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये. आमच्या घरात पडदा फारसा लागत नाही, तेव्हा तो भाग मी सोडून दिला. उरली पोहोच. वर्षभराच्या ऑर्डरी मोजल्या तर एकाहत्तर भरल्या. त्यांतल्या चव्वेचाळीस किरकोळ होत्या, सभासद नसते तर ज्यांच्यावर पोहोचेचे पैसे पडले असते अशा. एका खेपेचे चाळीस रुपये धरले तर १,७६० झाले. वर्गणी वजा जाता २६१ रुपये माझ्या पदरात. आकड्यांनी निकाल दिला होता, चालू ठेव.

तरी मन मानेना, म्हणून ती यादी एकेक ओळ वाचत गेले. पेनाच्या रिफिली. कपड्यांचे चिमटे. चहाची गाळणी. पुन्हा चिमटे. फुलवाती, तीनदा. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला. कुकरची रिंग. मेतकूट आणि भाजणी ठीक आहे, ती मांबलमात सहज मिळत नाहीत, आणि चार महिन्यांची एकदम मागवली तर पोहोचेचा प्रश्नच येत नाही. पण चिमटे? वर्गणी भरलेली होती म्हणून ती ऑर्डर जन्माला आली. एरवी मी एक तर पिशवी घेऊन खाली उतरले असते, नाहीतर चार वस्तू साठल्यावर एकदम मागवल्या असत्या. त्या चव्वेचाळीस खेपांमुळे वर्गणी परवडत होती खरी, पण वर्गणीमुळेच त्या चव्वेचाळीस खेपा झाल्या होत्या. आणि त्यांतली प्रत्येक खेप कुणीतरी जिना चढून आणून दिली होती. मे महिन्यात, इथे ज्याला कत्तिरी वेयिल म्हणतात त्या उन्हात, दोन चिमट्यांच्या पाकिटांसाठी एक मुलगा दुचाकीवरून आला होता आणि दारात त्याला मी पाणी विचारलं होतं, तेवढं मला आठवतं. अशा मुलांना टेकायला जागा हवी म्हणून महापालिकेने २०२५ मध्ये अण्णा नगरात वातानुकूलित विश्रांतिकक्ष उभारला. चांगलं केलं. हे काम शहराच्या ध्यानात आलं, हीच मोठी गोष्ट.

यादी वाचताना मला वेगळंच काहीतरी दिसलं. मी डोंबिवलीहून चेन्नईला आले २०१४ साली. तमिळचा गंध नव्हता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मळिगै कडै आहे, म्हणजे किराण्याचं दुकान. अशी दुकानं चालवणारे पुष्कळ जण दक्षिणेकडचे, तिरुनेलवेली-तूत्तुकुडीचे. त्यांना आदराने अण्णाच्ची म्हणतात आणि दुकानालाही तेच नाव पडतं. तिथे मी बोट दाखवून सामान घ्यायची. अण्णाच्ची वस्तू उचलायचे, तिचं नाव घ्यायचे आणि मी म्हणेपर्यंत हातातच धरून ठेवायचे. तुवरम् परुप्पु, तूरडाळ. कडलै परुप्पु, हरभऱ्याची डाळ. कंबू म्हणजे बाजरी, चोळम म्हणजे ज्वारी, केळ्वरगु म्हणजे नाचणी, अवल म्हणजे पोहे. शब्द चुकला की गल्ल्यावर बसलेल्या त्यांच्या पत्नी हसत हसत दुरुस्त करायच्या. वरून टांगलेल्या रिळाचा दोरा ओढून ते कागदाचा पुडा बांधत, दोन फेरे उभे, दोन आडवे, आणि एका हिसक्याने दोरा तोडत. त्या पुड्याला पोट्टलम म्हणतात, हेही तिथेच कळलं. दोन वर्षांत मी भाजीवालीशी भांडण्याइतकी तमिळ शिकले. आणि आज यादी वाचताना लक्षात आलं की २०१६ नंतर मी घरातल्या वस्तूचं एकही नवं तमिळ नाव शिकलेली नाही. गाळणीला काय म्हणतात? चिमट्याला? फुलवातीला? मला माहीत नाही. कारण त्या वस्तू मला कुणाकडे मागाव्याच लागल्या नाहीत.

हे लक्षात आलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. २६१ रुपयांच्या हिशेबात हा खर्च कुठे धरायचा?

वर्गणी भरून घरपोच सामान मागवणं मला नवं नव्हतं. मी त्यातच वाढले. आई मुंबई ग्राहक पंचायतीची सभासद होती. १९७५ च्या गुढीपाडव्याला बिंदुमाधव जोशी, सुधीर फडके अशा मंडळींच्या पुढाकाराने ती सुरू झाली. आपण ज्यांना बाबूजी म्हणून गाण्यांतून ओळखतो, तेच सुधीर फडके. आसपासच्या घरांचा एक संघ करायचा, महिन्याचं मागणीपत्रक भरायचं, पैसे आधी गोळा करायचे आणि पंचायतीने थेट मोठ्या बाजारातून माल घेऊन तो संघाकडे पोचवायचा. दुकान नाही, मधला व्यापारी नाही. ट्रक आला की आमच्या इमारतीत सणासारखी धावपळ. सामान कुणाच्या तरी बाहेरच्या खोलीत उतरायचं. सतरंजीवर घरटी एक ढीग लागायचा आणि प्रत्येक ढिगावर आडनावाची चिठ्ठी. आम्हा मुलांचं काम साबणाच्या वड्या मोजायचं. एकदा देशपांड्यांच्या ढिगात खोबरेल तेलाची बाटली कमी निघाली, तेव्हा बारा घरांच्या याद्या पुन्हा ताडून पाहिल्या गेल्या आणि रात्री साडेनऊला ती आमच्याच पिशवीतून निघाली. आई ती द्यायला गेली आणि तासाभराने परतली. त्या महिन्यापासून दोन्ही घरांचा घरोबा झाला, तो आजपर्यंत टिकून आहे.

आईला वर्षाची वर्गणी परवडते का, असं कधी कुणी विचारलं नाही. ती कष्टही देत होती. ढीग लावायची, हिशेब लिहायची, तक्रार असली तर बैठकीत उठून बोलायची. सभासद म्हणजे जो सभेत बसतो तो. मला प्राइमचं मेंबर म्हणतात खरं, पण माझ्यासारख्या असंख्य सभासदांतल्या एकालाही मी ओळखत नाही. आमची सभा कधी भरली नाही.

आणि ज्या शहरात बसून मी हे लिहिते आहे, त्याच शहरात ही सभा भारतात पहिल्यांदा भरली होती. इथून फार लांब नाही, पार्थसारथीच्या देवळाजवळ, तिरुवल्लिक्केणीत. इंग्रजांच्या तोंडी ते ट्रिप्लिकेन झालं. १९०४ साली तिथे ट्रिप्लिकेन अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटी निघाली, ग्राहकांनी स्वतःसाठी चालवलेलं देशातलं पहिलं सहकारी भांडार. नमुना होता इंग्लंडमधल्या रॉचडेलचा, जिथे १८४४ साली अठ्ठावीस जणांनी मिळून एक छोटं दुकान काढलं होतं. वर्षाअखेर नफा उरला की ज्याने जितकी खरेदी केली असेल त्या प्रमाणात तो परत वाटायचा, ही रॉचडेलकरांची युक्ती. ट्रिप्लिकेनच्या संस्थापकांत एक होते व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री, तिथल्याच हिंदू हायस्कुलाचे हेडमास्तर. हेच शास्त्री १९०७ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात आले आणि १९१५ मध्ये गोखले गेल्यावर त्याचे अध्यक्ष झाले. समाजाच्या पुण्यातल्या आवारातून मी कितीदा गेले असेन, पण तिथल्या दुसऱ्या अध्यक्षांनी आधी मद्रासमध्ये डाळ-तांदळाचं भांडार उभं केलं होतं, हे मला इथे आल्यावर कळलं. मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला शिक्षकाच्या पगारात महिना निघावा असं दुकान असलं पाहिजे असं वाटणं, यात मला मोठी माया दिसते. सोसायटी आजही आहे, रेशनची दुकानं चालवते.

चेन्नईत वर्गणीचे आणखी कितीतरी प्रकार आहेत. आमच्याकडे कामाला येणारी ताई दर महिन्याला दिवाळीच्या चिटात पैसे भरते आणि ऑक्टोबरात मिठाई, फटाके आणि एक पातेलं घेऊन हरखून येते. आपल्या भिशीची ही बहीण. शेजारच्या मामींकडे आविनचं, म्हणजे तमिळनाडूच्या सहकारी दूधसंघाचं, दुधाचं कार्ड आहे. महिन्याचे पैसे आधी भरायचे आणि पिशवी छापील किमतीपेक्षा स्वस्त घ्यायची. नोव्हेंबर २०२२ मध्ये नारिंगी पिशवीचं दूध लिटरला ६० रुपये झालं, पण कार्डवाल्यांना ते जुन्याच ४६ रुपयांनी मिळत राहिलं. मामी ऐंशीच्या पुढच्या आहेत, तरी कार्डाची मुदत संपत आली की स्वतः जाऊन रांगेत उभ्या राहतात. मी मेसेजचं सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "तू घेतेस ती वस्तू तुला इतरांपेक्षा स्वस्त पडते का?" काही पडतात, काही नाही, म्हटलं. "मग कार्ड कसलं?" म्हणाल्या.

पण त्याच मामींसाठी मी वर्षभरात गुडघ्याचा पट्टा, कमोडची खुर्ची आणि गरम पाण्याची पिशवी मागवली होती. खुर्ची दुसऱ्या दिवशी सकाळी दारात होती. म्हाताऱ्या माणसाला, आजाऱ्याला, तान्ह्या मुलाच्या आईला घरपोच सामान हा केवढा आधार आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या सोयीला मी नावं ठेवणार नाही. फक्त एवढंच, की मामींच्या तिन्ही वस्तू महागाच्या होत्या आणि त्यांची पोहोच वर्गणीशिवायही फुकट झाली असती. एक दिवस उशिरा आल्या असत्या, इतकंच.

डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळ आलं तेव्हाचं मला विसरता येत नाही. ४ तारखेला आमच्या गल्लीत गुडघ्याच्या वर पाणी होतं. वीज गेली, संध्याकाळपर्यंत फोन मेले. शहरात दुधाचा तुटवडा पडला. दुसऱ्या दिवशी अण्णाच्चींच्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं. आत मेणबत्ती लावून ते बाकड्यावर उभे होते. खालच्या फळीवरच्या तांदळाच्या गोण्या भिजल्या होत्या आणि त्यांच्या पत्नी जे वाचलं ते वरच्या फळ्यांवर चढवत होत्या. कार्ड चालत नव्हतं, माझ्याकडे सुट्टे नव्हते. त्यांनी चार मेणबत्त्या, काडेपेटी आणि बिस्किटांचे दोन पुडे पुढे केले आणि वहीत लिहिलं. काय लिहिलं ते मी वाकून पाहिलं. तमिळ अक्षरं मला जुळवून जुळवून वाचता येतात. त्यांनी माझं नाव लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं, मराठी अम्मा. सात वर्षं मी त्यांच्याकडून फार तर कधीमधी कोथिंबीर नेली असेल, आणि तरी मी त्या वहीत होते.

चोवीस तासांतले चार उरले होते, तेव्हा मी फोन उघडला आणि वर्गणी बंद केली. खूण दाबायला मिनिटही लागलं नाही. भाजणी आणि मेतकूट दर चार महिन्यांनी एकदम मागवेन, मामींना काही लागलं तर तेही. बाकीचं खाली उतरून.

संध्याकाळी पाऊस पडून गेल्यावर पिशवी घेऊन दुकानात गेले. अण्णाच्चींचा मुलगा गल्ल्यावर होता, ते स्वतः मागे स्टुलावर बसले होते, आता थोडे थकले आहेत. वात म्हणजे तिरी, हे मला माहीत होतं. म्हटलं, तिरी. त्यांनी लांब वातींचं पाकीट काढलं, "पंजुत्तिरी?" कापसाची वात. मी मान हलवली आणि तळहातावर दुसऱ्या हाताच्या बोटांनी गोल, वर शेंडी असलेली वात करून दाखवली. मुलाला कळेना. अण्णाच्ची स्टुलावरून उठले, वरच्या फळीवरून एक छोटा डबा काढला आणि झाकण उघडून माझ्यापुढे धरला.

"पूत्तिरी," म्हणाले.

पू म्हणजे फूल. तिरी म्हणजे वात. डबा त्यांनी हातातच धरून ठेवला होता.

"पूत्तिरी," मी म्हटलं.