ऐयारांच्या संगतीत

काही पुस्तके पाहुण्यांना दिसतील अशा कपाटात असतात, तर काही उशीजवळ. देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ माझ्या उशीजवळ असते. १८८८ सालची ही हिंदी कादंबरी. ती वाचता यावी म्हणून कित्येकांनी हिंदी शिकून घेतले असे सांगतात. १९९४ साली दूरदर्शनवर तिची मालिका सुरू झाली आणि ज्यांनी पुस्तक कधी उघडले नव्हते त्यांच्याही तोंडी क्रूरसिंहाचे नाव बसले.

गोष्ट म्हणाल तर चार ओळींची. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचे एकमेकांवर प्रेम आहे. विजयगढच्या वजिराचा मुलगा क्रूरसिंह याला ती हवी आहे, आणि तिच्यापाठोपाठ गादीही. या क्रूरसिंहाच्या बापाचे नाव कुपथसिंह! बारशालाच ज्या घराण्याने आपला बेत असा जाहीर केला, त्याला निदान कपटी तरी कसे म्हणावे? पुढे हा क्रूरसिंह मदत मागायला चुनारगढच्या शिवदत्ताकडे जातो, तर चंद्रकांतेचे वर्णन ऐकून शिवदत्तालाच ती हवीशी वाटू लागते. कारस्थान दुसऱ्याच्या हाती सोपवले, की ते आपले राहत नाही. राजनीतीवरचे जाडजूड ग्रंथ मी वाचले आहेत, पण हे इतक्या स्वच्छपणे मला या गोष्टीनेच सांगितले.

पण या पुस्तकाचे खरे राजे सिंहासनावर नाहीतच. ते आहेत ऐयार. कमरेला बटवा, त्यात बेशुद्ध करणारी भुकटी, शुद्धीवर आणणारा लखलखा, भिंत चढायला कमंद, आणि हवे ते रूप घेण्याची विद्या. राजकुमार विरहाने उसासे टाकत असतो तेव्हा तेजसिंह शत्रूच्या वाड्यात शिरलेला असतो. राजकन्येची मैत्रीण चपला हीही ऐयारीत पुरुषांना हार जाणारी नाही. नायक-नायिकेच्या प्रेमापेक्षा या दोघांची हुशारी मला अधिक मोहवते. प्रेम काय, कोणीही करतो!

तुम्ही म्हणाल, या वयात हे कसले वेड? मीही स्वतःला हा प्रश्न विचारला आहे. कारण कारस्थान या गोष्टीचा मला मनापासून तिटकारा आहे. तीस वर्षे कचेरीत काढली. तिथेही दरबार होता. आमच्यातल्या एका सरळ माणसाची निनावी पत्रांवरून लांबच्या गावी बदली झाली. पत्रे कोणी लिहिली ते सगळे जाणून होते. निरोपाच्या समारंभात त्याच गृहस्थाने हार घातला, भाषण केले, आणि टाळ्या पडल्या. जाणारा माणूस हार हातात घेऊन हसत उभा होता. ते हसणे मला अजून दिसते. तो हार घालणारा ऐयारच होता म्हणा, पण त्याच्या बटव्यात लखलखा नव्हता. बेशुद्ध केलेल्याला शुद्धीवर आणण्याची जबाबदारी त्याने कधी घेतलीच नव्हती.

खत्रींच्या ऐयारांना ही जबाबदारी असते. पकडलेल्या ऐयाराला कैद करावे, सहसा ठार मारू नये, असा त्यांच्यात रिवाज. सैन्याचे रक्त न सांडता युक्तीने लढाई मिटवणे हीच ऐयारांची थोरवी, असे खत्रींनी प्रस्तावनेत सांगितले आहे. शिवदत्ताच्या पदरचा पंडित बद्रीनाथ तेजसिंहाला पुरून उरतो, आणि शेवटी तोच वीरेंद्रसिंहाच्या बाजूला येतो तेव्हा कोणी त्याला तोंड खाली घालायला लावीत नाही. शत्रूच्या गुणाची कदर करणारा दरबार मी फक्त तिथेच पाहिला.

खत्री (१८६१–१९१३) काही वर्षे बनारसजवळच्या चकिया आणि नौगढच्या जंगलांत ठेकेदारी करीत होते. पडके किल्ले, ओसाड वाडे यांतून त्यांची भटकंती झाली. तिलिस्म, म्हणजे ती मंतरलेली भुयारे आणि गुप्त दालने, त्यांना तिथेच सुचली. मला वाटते, त्यांच्या मनाचा मोकळेपणाही तिथलाच असावा. दरबारांचा शेवट काय होतो हे ज्याने झाडाझुडपांत पाहिले, त्याला गादीसाठी कोणाचा जीव घ्यावासा कसा वाटेल?

या कादंबरीत कोणाचा चेहरा खरा याचा भरवसा नसतो. म्हणून जिवलग मित्रही समोर आला तरी ऐयार आधी ओळखीची खूण मागतात, आणि ती पटली की जीवही त्याच्या हवाली करतात. संशय आणि विश्वास इतक्या शेजारी शेजारी नांदताना पाहिले, की रात्री दिवा मालवायला उशीर होतो.