मधुमेही मूल आणि खेळाचें मैदान

शाळेंत तीस वर्षांहून अधिक काळ आम्हीं मुलांस सूर्यनमस्कार घालावयास लाविले. कांहीं सबब सांगून झाडाखालीं बसणाऱ्या मुलास आम्ही हात धरून ओळींत उभा करीत असूं. त्याच आम्हांवर, विंचुरास निवृत्तीचे दिवस काढीत असतां, स्वतःच्या नातवास झाडाखालीं बसविण्याची पाळी आली. ती दैवानें किती आणली व आमच्या भित्रेपणानें किती, हें प्रांजळपणें सांगावें म्हणून हा लेखनप्रपंच.

नातू अकरा वर्षांचा. दोन वर्षांमागें त्याची तहान भागेनाशी झाली, रात्रीं चार-चार वेळां उठावें लागे, आणि महिन्याभरांत अंगावरचा सदरा ढगळ झाला. जंत झाले असावेत, असा आमचा कयास. नाशिकास नेलें तेव्हां डॉक्टरांनीं पहिल्या प्रकारचा मधुमेह असल्याचें निदान केलें. यांत शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच स्वादुपिंडांतील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. हा रोग गोड खाल्ल्यानें होत नाहीं व पथ्यानें जात नाहीं. इन्सुलिन टोंचूनच द्यावें लागतें. जानेवारी १९२२ मध्यें टोरांटो येथें लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास तें प्रथम टोंचलें गेलें. तत्पूर्वीं अशा मुलांचे दिवस मोजकेच असत.

औषध आहे हें कळूनही आमची धास्ती गेली नाहीं. शाळेंत जाऊन व्यायामशिक्षकांस विनविलें, "सर, ह्यास पळवूं नका." त्यांनीं वडीलकीचा मान राखिला. पोर लिंबाखालीं बसून खोखोचे गुण मांडूं लागलें. एकदां आजीनें विचारलें, "आज काय खेळलांत रे?" तो म्हणाला, "ते खेळले. मीं लिहिलें." त्या रात्रीं आम्हांस जेवण गोड लागलें नाहीं.

आम्ही पडलों संस्कृताचे विद्यार्थी. घरांत सुश्रुतसंहिता आहे. तिच्या चिकित्सास्थानांत, निर्धन प्रमेही माणसानें जोडा-छत्रीवांचून, भिक्षा मागत, एका गांवीं एकच रात्र राहून शंभर योजनें किंवा अधिक चालावें, असें सांगितलें आहे. तें आठवून आम्हीं एकदम दुसरें टोंक गांठलें. रोज पहाटे नातवास लासलगांवच्या रस्त्यानें चालवूं लागलों, आणि चालतां चालतां इन्सुलिन सुटेल अशी आशा बाळगूं लागलों. एके दिवशीं तर संध्याकाळीं दोन तास खोखो खेळण्याची मुभा दिली, तीही सूनबाईंस न विचारतां.

त्या रात्रीं दोनाच्या सुमारास सूनबाईंची हाक आली. पोराचें अंग घामानें निथळत होतें, हात थरथरत होते, बोलणें असंबद्ध. बोटाच्या थेंबावर साखर भरली पन्नास. सत्तरच्या खालीं गेली म्हणजे ती कमी समजतात. आमचें कुटुंब धांवत जाऊन तुपाचा लाडू घेऊन आलें. "आई, लाडू नको. तुपामुळें साखर सावकाश चढते," असें म्हणून सूनबाईंनीं तीन चमचे ग्लूकोज पाण्यांत कालवून पाजलें. पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासलें, तों साखर नव्वदवर आली होती. आम्ही मात्र उंबऱ्यांत नुसते उभे.

दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांनीं उलगडा केला. धांवतांना स्नायू रक्तांतील साखर ओढून घेतात. खेळ थांबल्यावरही रिता झालेला सांठा भरून काढण्यासाठीं तें ओढणें कित्येक तास, कधीं दुसऱ्या दिवसापर्यंत, चालतें. निरोगी शरीर अशा वेळीं आपलें इन्सुलिन आपणच आखडतें. टोंचलेलें मात्र परत घेतां येत नाहीं. म्हणून संध्याकाळच्या खेळाचा हिशेब मध्यरात्रीं चुकवावा लागतो.

आम्हीं खालमानेनें पोथी पुन्हां उघडली. त्याच अध्यायाच्या आरंभीं प्रमेहाचे दोन भेद सांगितले आहेत: एक जन्मजात, दुसरा अपथ्यानें होणारा. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. कृशास पोसावें, स्थूलास झिजवावें. आजच्या वर्गीकरणाशीं हे भेद तंतोतंत जुळतात असें नव्हे. परंतु झिजविण्याचा उपाय आम्हीं कृशास लाविला होता, हें खरें. जन्मभर विद्यार्थ्यांस "मागचापुढचा संदर्भ पहा" म्हणून बजावणाऱ्याची ही गत!

डॉक्टरांनीं खेळ बंद केला असेल, असें वाचकांस वाटेल. तसें झालें नाहीं. जागतिक आरोग्य संघटना शाळकरी मुलांस रोज सरासरी एक तास अंगमेहनत सांगते. मधुमेही मुलें त्यास अपवाद नाहींत. व्यायामानें इन्सुलिन अधिक चांगलें लागूं पडतें, पण व्यायाम त्याची जागा घेऊं शकत नाहीं. सूनबाईंनीं नियम लिहून भिंतीस लाविले. खेळापूर्वीं साखर पहावी. नव्वदच्या खालीं असल्यास आधीं खावें. अडीचशेंच्या वर असून कीटोन आढळल्यास त्या दिवशीं खेळूं नये. पळावयाचें असेल तेव्हां सुई मांडींत देऊं नये. मात्रा किती कमी करावयाची तें डॉक्टरांस विचारावें, आणि निजतांना साखर पुन्हां पहावी. ग्लूकोज मैदानावर हाताशीं असावें. शिक्षकांस व सवंगड्यांस खुणा ठाऊक असाव्यात. मूल बेशुद्ध असल्यास तोंडांत कांहींही ओतूं नये, तात्काळ वैद्यकीय मदत आणावी.

त्या कागदाखालीं नातवानें दोन नांवें लिहिलीं आहेत. पाकिस्तानचा गोलंदाज वसीम अक्रम यास १९९७ मध्यें हाच रोग जडला, तरी तो २००३ पर्यंत खेळला. अमेरिकेचा जलतरणपटू धाकटा गॅरी हॉल यानें १९९९ मध्यें निदान झाल्यानंतर २००० व २००४ च्या ऑलिंपिकांत सुवर्णपदकें मिळविलीं.

एकत्र कुटुंबांत प्रेम करणारे पुष्कळ, आणि सल्ला देणारे त्याहून पुष्कळ. एक म्हणतो पळूं नको, दुसरा म्हणतो पळ, तिसरी लाडू देते. या बाबतींत जी रोज सुई टोंचते आणि साखर मोजते, तिचाच शब्द घरांत अखेरचा असावा. वडीलकी थोडी बाजूस ठेवावी लागते. ती ठेवावी, इतकीच आमच्या वयाच्या वाचकांस विनंती.

यंदा शाळेच्या खोखोच्या संघांत नातू होता. संध्याकाळीं गुडघे खरचटून, धुळीनें माखून घरीं आला. आजीनें विचारलें, "काय झालें रे?" "हरलों आम्ही," असें सांगून तो हातपाय धुवावयास गेला. तें 'आम्ही' ऐकून आमचे डोळे भरून आले. रात्रीं दोनाचा गजर मात्र आम्हीं आठवणीनें लाविला.