पेट्रोल की वीज? आमच्या घरातल्या एका वहीची गोष्ट

घरात नवी गाडी घ्यायची ठरली की मुलांचा पहिला प्रश्न कुठला असतो? "रंग कुठला घ्यायचा?" आमच्या घरी मात्र यंदा रंगावरून कुणी भांडलंच नाही. भांडण जुंपलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. गाडी पेट्रोलची घ्यायची की विजेची? आणि हे भांडण एक-दोन दिवस नाही, चांगलं दोन महिने चाललं!

त्याचं असं झालं. आमची गाडी २०११ सालची. खासगी गाडीची नोंदणी आपल्याकडे १५ वर्षांची असते. ती संपली की गाडी आरटीओत नेऊन तपासून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा, मग पुढच्या ५ वर्षांसाठी नोंदणी मिळते. आमच्या गाडीची १५ वर्षं भरली. त्यात मेकॅनिकने डोकं हलवलं. "क्लचप्लेट, टायर, सगळंच बदलायला आलंय. खर्च मोठा आहे." तेव्हा आता नवीच घ्यावी, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं. पुढे मात्र दोन तट पडले.

थोरला अकरावीत आहे. तो पहिल्यापासून विजेच्या बाजूने. सौ. पेट्रोलच्या बाजूने. तिची शाळा शहराबाहेर १५ किलोमीटरवर. बसने जायचं तर दोनदा गाडी बदलावी लागते. "वाटेत चार्जिंग संपलं तर मुलांचा पहिला तास कोण घेणार? तू?" असं तिने थोरल्याला विचारलं. धाकटी आठवीत. ती कुणाच्याच बाजूची नाही, तिला फक्त प्रश्न पडतात! तिने एक दोनशे पानी वही घेतली आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे 'पेट्रोल', उजवीकडे 'वीज'. "जो बोलेल त्याने आकडा द्यायचा. आकडा नसेल तर वहीत जागा नाही!" हा तिचा नियम.

पहिल्याच दिवशी थोरल्याने जाहीर केलं, की वीजगाडी हा एकदम नवा शोध आहे. मी म्हटलं, "नवा? अरे, ताशी १०० किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडणारी मोटार विजेवरच चालत होती. साल १८९९!" बेल्जियमचा कामीय जेनात्झी हा तिचा चालक. गाडी दिसायला थेट बंदुकीच्या गोळीसारखी. त्या काळी पेट्रोलची गाडी सुरू करायची म्हणजे पुढे उभं राहून लोखंडी हँडल गरागरा फिरवावं लागे. ते उलटं फिरलं तर मनगटच मोडायचं. पुढे १९१२ साली कॅडिलॅक गाडीत विजेवर चालणारा स्टार्टर आला, हँडलची कटकट गेली आणि पेट्रोलची गाडी पुढे निघून गेली. गंमत बघा, पेट्रोलच्या गाडीला जिंकून दिलं ते एका छोट्याशा विजेच्या मोटरने!

मग वीजगाडी मागे का पडली? बॅटरीमुळे. शिशाच्या जड बॅटऱ्या, त्यात वीज मावायची थोडी. हलकी आणि भरपूर वीज साठवणारी लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली ती १९९१ साली. तिच्या शोधाबद्दल तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यातले जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल मिळवणारे ते पहिलेच. हा आकडा धाकटीने कारण नसताना वहीत लिहून घेतला!

आता खरा हिशेब. आमची गाडी वर्षाला साधारण ९००० किलोमीटर धावते. बहुतेक सगळे सौ.च्या शाळेचे. शिवाय गावाकडच्या ४ खेपा. जुन्या गाडीचं ॲव्हरेज लिटरला १५. म्हणजे ६०० लिटर पेट्रोल. सोपं जावं म्हणून लिटरला १०० रुपये धरले, तर ६०,००० रुपये झाले. वीजगाडी घरच्या एका युनिटमध्ये साधारण ६ किलोमीटर जाते. म्हणजे १५०० युनिट. युनिटला १२ रुपये धरले, कारण वापर वाढला की वीजबिलाचा दर वरच्या टप्प्यात जातो, तरी १८,००० रुपये. वर्षाला ४२,००० वाचले!

थोरल्याने टाळ्या वाजवल्या. सौ. म्हणाली, "थांब. आपण बघितलेल्या दोन गाड्यांच्या किमतीत सव्वातीन लाखांचा फरक आहे, तो कुणी भरायचा?" धाकटीने भागाकार केला. फरक भरून निघायला पावणेआठ वर्षं! आणि बॅटरीची हमी होती ८ वर्षांची. म्हणजे पैशांच्या बाबतीत जवळजवळ बरोबरी. वीजगाडीला इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, सर्व्हिसिंग स्वस्त, हे जमेला धरलं तरी घबाड काही हाती लागत नव्हतं.

"पण एवढा फरक पडतोच कसा?" धाकटीचा प्रश्न. त्याचं उत्तर इंजिनात आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. ते इंजिनात पेटतं आणि त्यातली बरीचशी उष्णता रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून हवेत निघून जाते. चाकांपर्यंत पोचते जेमतेम पाव. विजेची मोटर मात्र मिळालेल्या विजेतली बहुतेक सगळी चाकांना देते. त्यामुळे जे १५ किलोमीटर जायला पेट्रोलची ९ युनिटं लागतात, तिथे विजेची अडीच पुरतात. शिवाय उतारावर हीच मोटर उलटं काम करते. सायकलच्या डायनॅमोसारखी! चाकं तिला फिरवतात आणि वीज बॅटरीत परत जमा होते.

मग धूर? इथे आमची धाकटी अगदी हट्टाला पेटली. "वीजगाडीतून धूर येत नाही हे कळलं. पण आपल्या भिंतीतली वीज येते कुठून?" शाबास! प्रश्न असा पाहिजे. भिंतीतली तार पुढे जाते ती चंद्रपूरच्या, कोराडीच्या कोळशाच्या भट्ट्यांपर्यंत. थोडी कोयनेच्या पाण्यापर्यंत, थोडी सौर आणि पवनऊर्जेपर्यंत. देशातली ७० टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशाचीच आहे. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आपल्याकडची एक युनिट वीज तयार होताना सरासरी सुमारे ०.७ किलो. करा गुणाकार. पेट्रोलचे वर्षाचे १३८० किलो, विजेचे १०५० किलो. फरक फक्त ३३० किलोंचा! त्यातही बॅटरी तयार करतानाच काही टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो.

थोरल्याचा चेहरा पडला. मी म्हटलं, "वहीत दोन गोष्टी राहिल्या. एक, पेट्रोल विहिरीतून काढून, शुद्ध करून पंपावर आणायलाही ऊर्जा लागते, ती आपण धरलीच नाही. अर्थात कोळसाही खणूनच काढावा लागतो. दुसरं असं, की पेट्रोलची गाडी आज जेवढा धूर ओकते, तेवढाच दहा वर्षांनीही ओकणार. वीजगाडीचा हिशेब मात्र विजेबरोबर बदलतो. जसजशी सूर्याची आणि वाऱ्याची वीज वाढेल, तसतशी तीच जुनी गाडी स्वच्छ होत जाईल." आणि सौ.च्या शाळेच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागते, तिथे पोरांच्या नाकात जाणारा धूर तरी आजच कमी होईल. हे सौ.ला पटलं.

पुढचा प्रश्न सगळ्यांत अवघड होता. काही बॅटऱ्यांमध्ये कोबाल्ट लागतं. जगातलं बहुतेक कोबाल्ट येतं आफ्रिकेतल्या काँगो देशातून, आणि तिथल्या हातांनी खणायच्या छोट्या खाणींत लहान मुलंही राबताना आढळली आहेत. धाकटीने विचारलं, "माझ्याएवढी?" मी म्हटलं, "तुझ्याहून लहानसुद्धा." ती बराच वेळ गप्प होती. मग तिने स्वतः शोधून काढलं, की लोह आणि फॉस्फेट वापरलेल्या लिथियम बॅटऱ्यांत कोबाल्ट नसतं, आणि भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच वीजगाड्यांत त्याच असतात. "घेतली तर तसलीच घ्यायची," तिने लाल शाईने लिहिलं.

राहिली आजी. माझी आई पाटणजवळच्या गावी राहते. पुण्याहून १८० किलोमीटर. शेजारी माझा चुलतभाऊ आहे, पण आईचं वय झालंय. तिला फोनवर गाडीचं सांगितलं, तर म्हणाली, "आरं, गाडी कसली का असंना. रात्री-अपरात्री मला काय झालं तर येशील न्हवं?"

या प्रश्नाला आकड्यात उत्तर द्यायचं म्हणजे जाऊनच बघायला हवं. एका मित्राकडे वीजगाडी आहे, ४० युनिटांच्या बॅटरीची. ती मागून घेतली आणि शनिवारी निघालो. धाकटी वही घेऊन पुढच्या सीटवर! खंबाटकी घाट चढताना ४ टक्के बॅटरी गेली, उतारावर १ टक्का परत आला. तो आला तेव्हा ती अशी ओरडली, की सौ. दचकलीच. गावात पोचलो तेव्हा २७ टक्के उरले होते. रात्री आठला पंधरा अँपिअरच्या प्लगला गाडी लावली. मध्ये दोन तास लाइट गेले. पहाटे सहाला बॅटरी ७५ टक्के. म्हणजे परतताना साताऱ्याला अर्धा तास थांबून चार्जिंग करावं लागलं. तेवढ्यात मिसळ खाऊन झाली.

पण खरी गोष्ट घडली ती रात्री, लाइट गेले होते तेव्हा. ओसरीवर बसल्या बसल्या धाकटी म्हणाली, "आजी, पुण्याहून यायला बाबांना चार तास लागतात. गाडी पेट्रोलची असो नाहीतर विजेची. तोवर तू थांबणार? आधी १०८ ला फोन करायचा. रुग्णवाहिका येते, कराडच्या दवाखान्यात नेते."

आई हसली. "तेवढं कळतंय गं मला. दवाखान्यात न्यायला कुणीबी येईल. पर उशाशी बसायला आपलं माणूस नगं?"

अंधारात कुणीच काही बोललं नाही. धाकटीने बॅटरीच्या उजेडात वही उघडली आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं. आकडा नसलेली वहीतली ती एकच ओळ.

परतीच्या वाटेवर तिने नवा हिशेब मांडला. गावची एक खेप म्हणजे जाऊन-येऊन ३६० किलोमीटर. पेट्रोलचे २४०० रुपये. म्हणून आम्ही वर्षातून चारदाच जायचो. विजेची घरून ७२० रुपयांची, वाटेतल्या चार्जिंगला दर जास्त पडतो म्हणून ८०० धरू. चार पेट्रोलच्या खेपांचे ९६०० रुपये. विजेच्या बारा खेपांचे किती? ९६००! म्हणजे तेवढ्याच पैशांत आजीकडे दर महिन्याला. "पण खेपा वाढल्या की वीजही जास्त जळणार," ती स्वतःच म्हणाली. "मग एक महिना गाडी, एक महिना एसटी."

सौ.ने तिथेच होकार दिला. तिची एकच अट होती. रात्री झोपताना गाडीत ८० टक्क्यांपेक्षा कमी चार्जिंग असता कामा नये, आजीचा फोन केव्हाही येऊ शकतो. सोसायटीच्या बैठकीत आगीची भीती निघाली. मी सांगितलं, की वायरिंग जाणत्या वायरमनकडून, आमच्याच मीटरवरून, स्वतंत्र एमसीबी आणि पक्कं अर्थिंग करूनच होईल. परवानगी मिळाली. गावाकडेही चुलतभावाने अर्थिंग नीट करून घेतलं. आईच्या फोनशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरांत १०८ लिहिलंय. गाडी पुढच्या महिन्यात येईल, हिरव्या पाटीची.

आता हे वाचून लगेच बाबांच्या मागे लागू नका हं! तुमच्या घरी गाडी रोज ८ किलोमीटरच धावत असेल, किंवा रोज ३०० धावत असेल, तर तुमचं उत्तर वेगळं येईल. जुनी गाडी अजून चांगली असेल, तर ती चालवणंही शहाणपणाचं ठरेल. आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जायला सायकलच बरी, तिला दोन्हीही लागत नाही! फक्त एक करा. वही घ्या, मधोमध रेघ मारा आणि घरातल्या सगळ्यांना बोलू द्या. आजी-आजोबांना सर्वांत आधी. आणि हो, एखादी ओळ बिनआकड्याची आली, तर तीही लिहून ठेवा.