टेल्सन : शरीराची आणि शेताची कड

खेकड्याच्या शरीराचा शेवटचा भाग म्हणजे टेल्सन. खेकडा उताणा केला की पोटाखाली दुमडलेली एक पट्टी दिसते. नरात ती अरुंद असते, मादीत रुंद. हे त्याचे उदर. उदराचे खंड संपले की टोकाला टेल्सन येते आणि गुदद्वार तिथेच असते. प्राणिशास्त्र त्याची गणना खंडांत करत नाही. खंड जिथे संपतात ती हद्द म्हणूनच त्याकडे पाहते. कोळंबीच्या शेपटीच्या पंख्यात मधला भाग टेल्सनचा असतो. विंचवाची विषारी नांगी म्हणजेही टेल्सनच.

एकोणिसाव्या शतकात प्राणिशास्त्राने हा शब्द ग्रीकमधून उचलला. तिथे तो शेतीचा शब्द होता. नांगराचे तास जिथे संपते आणि बैल वळवले जातात, ती शेताची कड म्हणजे टेल्सन. होमरच्या ‘इलियड’च्या अठराव्या सर्गात अकिलीसच्या ढालीवर नांगरणीचे दृश्य आहे, नांगऱ्या या कडेला पोचला की त्याच्या हाती मद्याचा पेला दिला जातो. काही भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचे नाते संस्कृत ‘कृष्’ धातूशी जोडतात. ते मानले, तर टेल्सन आणि कृषी हे एकाच कुळातले शब्द ठरतात.

लोणावळ्याच्या घाटमाथ्यावरून उतरणाऱ्या इंद्रायणीच्या खोऱ्यात हा संबंध जमिनीवरच दिसतो. मावळ हा भातखाचरांचा मुलूख. ‘इंद्रायणी’ हे भाताचे वाणही वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातलेच. खाचर जिथे संपते त्या बांधात खेकडा बीळ करतो. बिळांतून पाणी झिरपून जाते, म्हणून शेतकरी ती चिखलाने बुजवत राहतो. दख्खनमधून कर्नल साइक्स यांनी नोंदवलेल्या अशाच एका खेकड्याला १८३६ मध्ये ‘क्युनिक्युलॅरिस’ हे जातिनाम मिळाले; लॅटिनमध्ये ‘क्युनिक्युलस’ म्हणजे ससा आणि बीळही. गोड्या पाण्यातल्या या खेकड्यांच्या अंड्यांतून थेट चिमुकले खेकडे बाहेर पडतात आणि मादी त्यांना काही काळ पोटाखालच्या पट्टीत सांभाळते. त्या पट्टीची कड म्हणजे टेल्सन.

संज्ञा घडवणाऱ्यांपुढे मावळचे बांध नव्हते. त्यांना शेवट दाखवणारा शब्द हवा होता, तो शेतीने पुरवला. त्यामुळे पाठ्यपुस्तकात परकी वाटणारी ही संज्ञा औत धरणाऱ्या माणसाला मुळीच परकी नाही.